नको म्हणण्याची सोय



वजन उतरवणाऱ्या माणसानं मित्रांमध्ये बसल्यावर स्वतःला कसं आवरायचं, हा विषय स्मृतिव्याख्यानाला शोभेल का, अशी शंका संयोजकांपैकी एकांनी अदबीनं काढली होती. या व्यासपीठावर सिंचनावर, मुक्तिसंग्रामावर, शिक्षणावर व्याख्यानं झाली आहेत. त्यांच्यापुढे कचोरी फारच किरकोळ वाटते, हे खरं. पण ज्या सरांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांच्या घरून कोणी उपाशी परतल्याचं मला तरी आठवत नाही. वाद कितीही पेटलेला असो, मधेच आतून ताटल्या यायच्या आणि त्या रिकाम्या झाल्याशिवाय मुद्दा पुढे सरकत नसे. तेव्हा विषय सरांना परका नाही. फक्त ते बाजू यजमानाची घेत. आज मी पाहुण्याची घेणार आहे.

मी या शहरात बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस करते. वजन, शुगर, बीपी, गुडघे या चौकडीनं माझा दवाखाना भरलेला असतो. काय खावं आणि काय खाऊ नये, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. साखर वाईट, मैदा वाईट, तळण वाईट, हे रिक्षावाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना तोंडपाठ आहे. घरी ते पाळलंही जातं. सोमवार ते शुक्रवार ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वाटीभर वरण, सगळं शिस्तीत. मग शनिवार-रविवार येतो आणि सोमवारी वजनकाट्यापुढे एकच वाक्य ऐकू येतं: "एकटा असलो की काही अडचण नसते हो, डॉक्टर." या वाक्यात सगळं निदान आलं. पण आपण औषध मात्र एकट्या माणसालाच देत बसतो. मन घट्ट करा म्हणतो, इच्छाशक्ती वाढवा म्हणतो. अडचण त्या माणसाच्या मनात थोडी आणि त्याच्या भोवतीच्या कोंडाळ्यात जास्त असते.

छत्रपती संभाजीनगरात मित्र कुठे भेटतात, ते आठवून पाहा. पहाटे गोगाबाबा टेकडीवर किंवा विद्यापीठाच्या आवारात चालायला जातात. चालणं होतं तासभराचं आणि त्यानंतरचे पोहे, भजी, दोन वेळा चहा आणि राजकारण होतं दीड तासाचं. चालून जाळलेलं टेकडीच्या पायथ्याशीच परत मिळतं, वर थोडं व्याज. संध्याकाळी गुलमंडीकडे गेलं की कढईतून निघणारी गरम इमरती. रात्री मित्रांनी टूम काढली की नान-खलिया. महंमद तुघलकानं 1327 साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा लष्कराच्या भटारखान्यात हा प्रकार रुळला अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेची खातरजमा इतिहासकारांनी करावी. माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे आहे. मटणाचा पातळ, झणझणीत रस्सा मोठ्या डेगीत शिजतो आणि तंदुरातले नान थप्पीनं येतात. हे अन्नच मुळी पलटणीसाठी आहे. एकट्यानं बसून मोजून खाण्याची त्याची घडण नाही. आणि शेवटी उस्मानपुऱ्यात तारा पान. तिथे "मला नको" म्हणणाऱ्याकडे लोक तो परगावचा असल्यासारखे बघतात.

हिवाळ्यात हुरडा असतो. डिसेंबर-जानेवारीत या शहराच्या चहूबाजूंच्या शेतांत आगट्या पेटतात. हुरड्यावर माझं प्रेम आहे आणि आहार म्हणूनही त्याच्यात खोट काढण्यासारखं काही नाही. कोवळी ज्वारीच ती. पण वाढण्याची पद्धत बघा. कणीस गोवऱ्यांच्या आरावर भाजतात, गरम असतानाच हातावर चोळतात आणि दाणे थेट तुमच्या ओंजळीत ओततात. ताट नाही, वाटी नाही, त्यामुळे किती झालं याचा हिशेब नाही. सोबत शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, बोरं. पोट भरलं असं वाटतं तोच कुणीतरी सांगतं की जेवण अजून व्हायचंय. मग भरीत, भाकरी, ठेचा, आणि हल्ली कुठून आली कोण जाणे, जिलेबी. सकाळी दहाला गेलेला माणूस संध्याकाळी पाचला उठतो.

बैठकीची ही लांबी महत्त्वाची आहे. जॉन डी कास्ट्रो नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं लोकांना रोज काय खाल्लं, किती खाल्लं आणि सोबत कोण होतं याच्या वह्या लिहायला लावल्या. 1992 साली त्यानं हिशेब मांडला तो असा: सोबत एक माणूस असेल तर एकट्यानं खातो त्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश जास्त खाल्लं जातं आणि सात किंवा अधिक माणसं असतील तर जवळपास दुप्पट. ओळखीच्या, जिव्हाळ्याच्या माणसांत हे अधिक होतं. भूक वाढत नाही, जेवण लांबतं. समोर पदार्थ आहे, गप्पा संपलेल्या नाहीत, हात रिकामा आहे. रोजच्या भुकेवर बेतलेला तुमचा निश्चय इथे कसा पुरणार?

दुसरा अभ्यास याहून गाजला. निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावच्या हृदयविकार-अभ्यासातल्या 12,067 माणसांच्या 32 वर्षांच्या नोंदी तपासल्या आणि 2007 साली निष्कर्ष छापले. एखाद्याचा मित्र लठ्ठ झाला तर तो स्वतः लठ्ठ होण्याची शक्यता 57 टक्क्यांनी वाढते; शेजारी लठ्ठ झाला तर काहीच फरक पडत नाही. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी या रीतीवर बरेच आक्षेप घेतले. सारख्या सवयीची माणसंच एकमेकांचे मित्र होतात, मग कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे कसं ठरवणार, हा त्यांचा सवाल रास्त आहे. त्यामुळे 57 हा आकडा मी छातीठोकपणे सांगणार नाही. तरी शेजारी आणि मित्र यांच्यातला फरक मला पटतो. शेजाऱ्याच्या पोटाकडे बघून आपण आपलं पोट ठरवत नाही. मित्राचं पोट मात्र आपल्या डोळ्यांना सवयीचं होतं आणि मग आपलंही ठीकच आहे असं वाटू लागतं.

मित्रांच्या तोंडचं ठरलेलं वाक्य याच सवयीतून येतं: "तू कुठे जाडा आहेस? तुला कशाला पाहिजे डाएट?" यावर मी एक फोटो दाखवते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे आहेत. हा फोटो 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, 22.3. दोघंही दिसायला सडपातळ. युडकिनांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के. आपली चरबी कपड्यांतून दिसत नाही, ती आत, पोटाशी दडते. म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 ला पोचला की वजन जास्त धरतात, 25 ला लठ्ठपणा म्हणतात आणि कंबर पुरुषाची 90, बाईची 80 सेंटिमीटरपुढे गेली की सावध करतात. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींचा अंदाज दहा कोटींच्या वर होता आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांचा 13.6 कोटी. म्हणजे तुमच्या कट्ट्यावर दहा जण बसत असतील, तर आग्रह धोक्याचा ठरेल असे एक-दोघं तिथे असणारच. ते कोण, हे त्यांनाही ठाऊक नसेल.

आता आग्रहाकडे येते. आग्रहाला नुसती नावं ठेवणं मला पसंत नाही. त्यामागे एक शहाणपण होतं आणि ते टंचाईतून आलं होतं. 1972 चा दुष्काळ पाहिलेली माणसं या सभागृहात आहेत. रोजगार हमीची कामं, खडी फोडणं, मुलांच्या हातावर पडणारी सुकडी, रेशनवरचा लाल मिलो. त्या काळात पाहुणा घरी आला की त्याला भूक असायचीच आणि यजमानाच्या डब्यात काय आहे याचा अंदाजही असायचा. म्हणून तो "नको, आत्ताच जेवून आलो" म्हणायचा. यजमानाला हे खोटं आहे हे कळायचं. मग तो पुन्हा म्हणायचा, पाहुणा पुन्हा नाही म्हणायचा, आणि तिसऱ्या खेपेला अर्धी भाकरी घ्यायचा. दोघांचीही अब्रू राहायची. अशा समाजात पहिला नकार नकार धरायचाच नसतो. तो धरला, तर यजमान कंजूष ठरतो आणि पाहुणा उपाशी राहतो.

गाडी अडली आहे ती इथे. आमचा पेशंट म्हणतो "नको", ते अगदी मनापासून. ऐकणारा मात्र जुन्या रिवाजानं ऐकतो. त्याला ती भीड वाटते आणि भीड मोडणं हे तो प्रेमाचं काम समजतो. पेशंट तीनदा नाही म्हणतो, चौथ्यांदा घेतो, आणि यजमानाला वाटतं, बघा, होती की नाही इच्छा! दोघांपैकी कुणीही वाईट वागलेलं नसतं. भाकरी मोजून करायचे दिवस गेले, आग्रहाचा रिवाज तेवढा तसाच राहिला.

त्याच टंचाईनं आणखी एक वारसा ठेवला. आपल्याकडे बारीक होणं म्हणजे अजूनही आजारी पडणंच. क्षयानं माणूस वाळायचा, शुगरनं वाळतो, काळजीनं वाळतो. 'अंगानं भरली' हे बाईचं कौतुक आणि 'तोंड उतरलं' ही कीव. सहा-सात किलो कष्टानं उतरवलेली बाई भिशीला जाते आणि मैत्रिणी विचारतात, "बरं नाही का गं? घरी काही टेन्शन?" शाबासकीच्या जागी सहानुभूती मिळाली, की समोरचा गुलाबजाम खाऊन आपण ठणठणीत असल्याचं सिद्ध करावंसं वाटतं. पुरुषांच्या टोळक्यात सहानुभूती नसते, थट्टा असते. तिचा परिणाम तोच.

एक गंमत मात्र रोज बघते. कट्ट्यावर "वजन कमी करतोय" म्हटलं की हशा पिकतो. "शुगर निघालीय" म्हटलं की सगळे गप्प होतात आणि कुणीतरी समोरची बशी हळूच उचलून घेतो. म्हणून शुगर नसलेले कितीतरी जण शुगर असल्याचं सांगतात. माझ्या पेशंटांनी असं खोटं बोलावं असं मी म्हणणार नाही. पण ते का बोलतात हे मला समजतं. आजाराला आपण मान देतो, आजार टाळणाऱ्याची टिंगल करतो.

असं असताना या समाजात नाही म्हणण्याची काही सोय आहे की नाही? आहे, आणि फार जुनी आहे. उपवास. "आज माझी एकादशी" म्हटलं की पंक्तीत कुणी हुज्जत घालत नाही. रमजानात रोजेदार मित्रापुढे कुणी चहाचा कप सरकवत नाही. कारण या नकारात यजमानाचा अपमान नाही. नियम वरून आलाय, माणूस फक्त पाळतो आहे. आता एकादशी आणि दुप्पट खाशी, हा आपला लौकिक आहेच. साबुदाण्याची खिचडी, शेंगदाणे, तूप, बटाटा, वर रताळ्याचा गोड कीस, एवढं खाऊन वजन उतरलेला भक्त मी अजून पाहिलेला नाही. पण नकाराची ती चौकट कामाची आहे.

2018 च्या सुमाराला महाराष्ट्रात दीक्षित डाएटची लाट आली, तिच्याकडे मी याच नजरेनं बघते. डॉ. जगन्नाथ दीक्षित आपल्या मराठवाड्यातले, तेव्हा लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणारे. नागपूरचे डॉ. श्रीकांत जिचकार, पदव्यांच्या ढिगासाठी प्रसिद्ध आणि 2004 साली अपघातात गेलेले, यांच्या एका भाषणातून त्यांना ही कल्पना मिळाली. नियम दोन ओळींचा: कडक भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत संपवायचं, मधल्या वेळात पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा काळा चहा असं काहीतरी. जोडीला 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणं. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर होत्या. थोड्या थोड्या अंतरानं खा, घरचं खा, तूप खा, आजीचं ऐका. घराघरांत दोन तट पडले. जेवणाच्या टेबलावर नवरा दीक्षितवाला आणि बायको दिवेकरवाली, असले विनोद आपण सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर पुढे ढकलले.

कमी वेळा खाल्लं की इन्शुलिन कमी वेळा स्रवतं, या दीक्षितांच्या युक्तिवादाबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत. चीनमध्ये 139 जणांवर वर्षभर चाललेली एक चाचणी 2022 साली 'न्यू इंग्लंड जर्नल'मध्ये आली. उष्मांक दोन्ही गटांचे सारखेच कमी केले होते. एका गटाला खाण्याच्या वेळेचंही बंधन होतं. बंधनवाल्यांचं वजन सरासरी 8 किलोनं उतरलं, दुसऱ्या गटाचं 6.3 किलोनं, आणि संख्याशास्त्रानं हा फरक दखलपात्र ठरला नाही. म्हणजे घड्याळात जादू नव्हती. शिवाय इन्शुलिन किंवा शुगर झपकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी, वाढत्या वयाच्या मुलांनी असले लंघनाचे प्रयोग स्वतःच्या मनानं करू नयेत. हे मी दवाखान्यात सांगते, इथेही सांगते.

मग दीक्षित डाएट एवढं का चाललं? माझं मत असं की दीक्षितांनी लोकांना एक वाक्य दिलं. "माझं दीक्षित चालू आहे." कट्ट्यावर हे वाक्य उपवासासारखं चाललं. त्यात वजनाचा उल्लेख नव्हता, यजमानाच्या कचोरीवर टीका नव्हती, नियम वरून आलेला होता आणि तो समोरच्यालाही ठाऊक होता. मुख्य म्हणजे कुठलाही पदार्थ वर्ज्य नव्हता. वेळ वर्ज्य होती. मित्र म्हणायचा, "बरं, मग जेवायच्या वेळेला ये." मैत्री शाबूत राहिली आणि मधली भजी टळली. आहारशास्त्राच्या पुस्तकात या गुणाला जागा नाही, पण माझ्या पेशंटांचं जे काही वजन उतरलं त्याचं बरंच श्रेय मी त्या वाक्याला देते. लाट ओसरली तसं वाक्याचं वजन घटलं आणि माणसांचं पुन्हा वाढलं.

आता तुमच्यापैकी ज्यांना उद्याच कुणाकडे तरी जायचंय, त्यांच्यासाठी दवाखान्यात दिसलेल्या काही गोष्टी. पंगतीत सगळ्यात कमी कोण खातं? वाढपी. भांडं त्याच्या हातात, नजर दुसऱ्यांच्या पानावर, आणि आग्रह करणारा तोच असल्यामुळे त्याला आग्रह करायला कुणी उरत नाही. महालक्ष्म्यांच्या जेवणाला, जिथे भाज्या मोजता मोजता सोळा होतात आणि पुरणपोळीला नाही म्हणणं म्हणजे देवीलाच नाही म्हणणं, तिथे माझ्या एका पेशंटनं कंबर कसून वाढप अंगावर घेतलं. शेवटच्या पंक्तीला ती बसली तेव्हा तिचं तिनं वाढून घेतलं. हुरड्याला कणसं चोळायला बसणाऱ्याचंही असंच होतं. धोंड्याच्या जेवणाला आलेल्या जावयाला मात्र ही पळवाट नाही. त्यानं खावं. अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. तेवढ्यानं कुणी लठ्ठ होत नाही.

दुसरं, भुकेलं जाऊ नये. "रात्री पार्टी आहे" म्हणून दिवसभर लंघन करणारे पार्टीत पहिल्या दहा मिनिटांत हरतात. निघण्यापूर्वी भाकरी-वरण पोटात असलं की इमरती एक पुरते. आणि ती गरम, गुलमंडीवर उभं राहून, चव घेत खाल्लेली असावी. बैठकीत समोर आलेला गार समोसा केवळ समोर आहे म्हणून खाण्यात काय सुख आहे ते मला कधी कळलेलं नाही.

तिसरं, एक खाल्लं म्हणून पुढचं सगळं माफ होत नाही. 1975 साली पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांनी एक प्रयोग केला. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम हवं तेवढं चाखायला दिलं. मिल्कशेक प्यायल्यावर त्यांनी कमी खायला हवं होतं. त्यांनी उलट जास्त खाल्लं. आजचा दिवस बिघडलाच आहे, मग आता काय! आपल्याकडे हा दिवस रविवारी सकाळी कचोरीनं बिघडतो आणि रात्री बिर्याणीवर जाऊन थांबतो. कचोरी तीनएकशे उष्मांकांची असेल. नुकसान तिच्यापेक्षा त्या 'मग आता काय'नं होतं.

आणि 'बसणं'. इथे दारूच्या नीतीत मी शिरत नाही. दारूच्या एका ग्रॅमला सात उष्मांक, म्हणजे तुपाच्या खालोखाल. पण खरं संकट चकण्याचं आहे. खारे शेंगदाणे, चिवडा, तळलेले पापड, कबाब, आणि दुसऱ्या पेगनंतर ज्या मेंदूनं नको म्हणायचं तोच सुट्टीवर. वाळूजच्या कारखान्यांत पाळीनं काम करणारी पोरं रात्री उशिरा बसतात, मध्यरात्री ढाब्यावर जेवतात आणि तिशीतच यकृतावर चरबी घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना मी मित्र सोडा म्हणत नाही. शहरात नवी आलेली पोरं ती, मित्र सोडले तर खोलीवर एकटी काय करतील? भेटायची वेळ आधी घ्या, जेवून मग बसा, एवढंच सांगते. काही जण ऐकतात.

सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट अशी, की टोळक्यातल्या एका मित्राला आधी, खाजगीत, खरं सांगून ठेवायचं. सगळ्यांसमोर घोषणा नको, तिची थट्टाच होते. आग्रह सुरू झाला की तो एक जण म्हणतो, "राहू दे रे, त्याला नको." स्वतःचा नकार भीड समजला जातो, पण दुसऱ्यानं दिलेली साक्ष मानली जाते. टेकडीवर येणाऱ्या एका गटानं तर वाढदिवसाच्या पार्ट्या महिन्यातून एका रविवारी एकत्र केल्या आणि चहा चालण्याच्या आधी घ्यायला सुरुवात केली. चालून झाल्यावर ऊन चढलेलं असतं, घरी जायची घाई असते, त्यामुळे भजी आपोआप मागे पडली. राजकारण चालता चालता होतं. दम लागल्यामुळे वादही आटोक्यात राहतात म्हणे.

वेळ संपत आली आहे आणि प्रश्नोत्तरांतला पहिला प्रश्न मला आत्ताच दिसतो आहे. आंबा चालतो का? चालतो. आपल्या मराठवाड्याच्या केशरला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, त्याला नाही म्हणायला मी कोण? शुगर आटोक्यात असेल तर एक मध्यम आंबा, कापून, जेवणाचाच भाग धरून आणि तेवढी पोळी कमी करून. आमरसाचं तसं नाही. आमरस वाटीनं वाढतात, वाटी रिकामी झाली की पळी पुन्हा येते, आणि पळी धरणारा तुमचा अगदी जवळचा असतो. त्याला आधी सांगून ठेवा. आता दुसरा प्रश्न विचारा.